मोहाचे फूल आणि घरातला मोह

आमच्या आटगाव-खर्डीच्या रानात चैत्रात मोहाची फुले पडतात. ताजे फूल गोड, खाण्याजोगे. तेच आंबवून गाळले की दारू होते. फूल आंबू लागले हे वासावरून चटकन कळते. मग घरातले पोर बिघडताना का कळू नये?

कोणी म्हणेल, "अहो, वयच ते! लग्न झालं की सुटेल." दुसरा म्हणेल, "गळ्यात माळ आहे, आमचा तसला नाही." ही उत्तरे प्रेमाची वाटतात, परंतु ती मोहाची आहेत.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून नाशापर्यंतची उतरण पायरीपायरीने सांगितली आहे. स्मृती जाणे ही त्यातल्या खालच्या पायऱ्यांपैकी एक. आपण मात्र पोर रस्त्यात पडले म्हणजे मग जागे होतो. वरच्या पायऱ्या पाहाव्यात. जुने सोबती सुटतात, नव्यांची नावे घरी सांगवत नाहीत. कॉलेजचे, कामाचे खाडे पडतात. डब्यातले पैसे कमी होतात. साध्या प्रश्नाला पोर अंगावर येते. रात्री तोंडात बडीशेप, सकाळी डोळे लाल. एखादी खूण वयाचीही असेल. चार एकत्र दिसल्या तर विचारावे. "काल काय बोललो, आठवत नाही," असे तो म्हणाला तर मुळीच थांबू नये. "किती पचवतो!" म्हणून सोबती कौतुक करतात, पण ते बळ नव्हे, शरीर दारूला सरावल्याचे लक्षण होय.

महाराष्ट्रात कायद्याने बिअरला २१ व कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. मेंदूची वाढही विशीच्या मध्यापर्यंत चालते. म्हणून कोवळ्या वयात सवय लवकर जडते.

विचारायचे कसे? पिऊन आल्यावर नव्हे. सकाळी, एकट्याला बसवून. माराने पोर खोटे बोलायला शिकते. दारू न मिळाल्यास हात थरथरत असतील, तर शपथ घालून ती एकाएकी बंद करवू नये. जिवावर बेतू शकते. आधी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावरही फुकट सल्ला मिळतो. व्यसन हा आजार आहे असे मानून पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून काम करीत आहे.

मग दोष कोणाचा? आजार जडला यात पोराचा अपराध थोडा. खुणा दिसूनही लोकलाजेने गप्प बसणे, हा जाणत्यांचा दोष. ताप आला की आपण पोराच्या कपाळावर हात ठेवतो. तसाच तो इथेही वेळेवर ठेवावा.

राम कृष्ण हरि.