दादा, तुम्ही काऊन पळता?

गण गण गणात बोते.

आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या ३५व्या श्लोकावर. भगवंतांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपला धर्म करताना उणीव राहिली तरी तोच बरा, आणि दुसऱ्याचा धर्म कितीही छान जमला तरी त्यात भय आहे. हा श्लोक आपण सहसा करिअरच्या गप्पांमध्ये काढतो. इंजिनिअरिंग सोडू का, गावाकडे परत जाऊ का, असं काही असलं की कुणीतरी स्वधर्म-परधर्म म्हणतंच. आज तो जरा वेगळ्या ठिकाणी लावून बघू या. आपल्या छंदाला. आणि छंद म्हणजे पळणं.

आपल्यातले बरेच जण पळतात. पुण्यात, ठाण्यात, नागपुरात रविवारी पहाटे लाँग रन, मग पोहे, मग स्ट्रावावर फोटो. या मंडळींच्या ग्रुपवर एका गावाचं नाव अगदी तीर्थक्षेत्रासारखं घेतलं जातं. ते म्हणजे केनियातलं इटेन. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर, एका प्रचंड दरीच्या काठावर वसलेलं छोटंसं गाव. लाल मातीचे रस्ते आणि वेशीवर कमान : चॅम्पियनांचं घर. ८०० मीटरचा विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशा याच गावातल्या सेंट पॅट्रिक्स शाळेच्या परंपरेतला. त्याचे गुरू ब्रदर कोल्म ओ'कॉनेल हे आयर्लंडचे मिशनरी, १९७६मध्ये शिक्षक म्हणून आले आणि तिथेच राहिले. आता जगभरातले हौशी धावपटू सुट्टी टाकून इटेनला जातात. आठवडाभर राहायचं, पहाटे त्या वाऱ्यासारख्या पोरांच्या मागे थोडं पळायचं आणि परत यायचं.

यात एक गंमत आहे. उंचीवर हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, पण हवेचा दाब कमी, त्यामुळे दर श्वासाला शरीराला कमी मिळतो. शरीर हळूहळू तांबड्या पेशी वाढवून ती तूट भरून काढतं. पण रक्तात टिकाऊ फरक पडायला तीन-चार आठवडे लागतात, आणि खाली आल्यावर तो काही आठवड्यांत ओसरतो. म्हणजे आठवड्याच्या पाहुण्याला डोंगर फारसं काही देत नाही. जो राहतो त्यालाच देतो. सत्संगाचंही असंच आहे ना?

महाराष्ट्रात असं गाव नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. आमच्या जिल्ह्याचं ठिकाण बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेत, जेमतेम साडेसहाशे मीटरवर. थंड हवेचं गाव म्हणून वऱ्हाडात त्याचं कौतुक, पण रक्त वगैरे वाढवण्याइतकी ही उंची नव्हे. तरीही पळणाऱ्या माणसाला बुलडाण्यात जावंसं वाटतं. राजूर घाटातून मलकापूरच्या बाजूला उतरायचं आणि परत चढून यायचं. मांड्या भरून येतात, दम निघतो, आणि पावसाळ्यात तर घाट सोडवत नाही.

पण या गावाचं इटेनशी खरं नातं घाटामुळे नाही. ते पहाटे पाच वाजता दिसतं. मैदानावर, डांबरी रस्त्याच्या कडेला, अंधारात मुलं-मुली पळत असतात. भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत या पळण्याला २० गुण. मुलांना पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. तिकडे केनियातही पुष्कळ धावपटू पोलीस, लष्कर, तुरुंग खात्याच्या नोकरीत असतात, पळणं ही तिथेही घर उभं करण्याची वाट आहे. आपला अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, शेतकरी-मजुरांच्या घरातला, बारावीनंतर सैन्यात गेला. पुढे २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूपासून फक्त ०.०५ सेकंद मागे राहून त्याने रौप्य घेतलं. ही सगळी एकाच वाटेवरची माणसं.

अशाच एका सकाळी शूज, वॉच, कमरेला पाण्याची बाटली अशा थाटात मी पळत होतो. एक पोरगा काही वेळ शेजारी आला. पायात झिजलेले कॅनव्हास. मी कुठून आलो, काय करतो, हे त्याने विचारून घेतलं आणि मग अगदी निर्मळपणे म्हणाला, "दादा, तुम्ही काऊन पळता? तुम्हाले तं नोकरी हाय ना?"

एवढं बोलून तो पुढे गेला. त्याला थांबायला वेळ नव्हता.

मंडळी, हा टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो इतका खोल जातो. फिटनेससाठी, मन शांत होतं म्हणून, ही उत्तरं खरी आहेत. पण प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एकाच रस्त्यावर दोन माणसं पळतायत. एकाच्या पळण्यावर घराचं छप्पर, बहिणीचं लग्न, बापाचं कर्ज टांगलेलं आहे. दुसऱ्याच्या पळण्यावर काहीच टांगलेलं नाही. मग दुसऱ्याच्या पळण्याचा धर्म कोणता?

आता जरा स्वतःकडे बघा. ज्याच्यावर काहीच टांगलेलं नाही, तोच घड्याळात जास्त अडकलेला असतो. पेस पाच सेकंदांनी घसरला की दिवस खराब. मित्राचा हाफ मॅरेथॉनचा टायमिंग आपल्यापेक्षा चांगला आला की लाइक करतानासुद्धा अंगठा जड होतो. त्या पोराच्या घड्याळामागे परीक्षा आहे. आपण स्वतःच पेपर काढतो, स्वतःच तपासतो आणि स्वतःलाच नापास करतो. त्याची भूक आपल्याला नाही, पण त्याचा ताण मात्र आपण उसना आणलाय. परधर्मातलं भय म्हणजे मला वाटतं हेच. अर्जुनालाही युद्ध सोडून भिक्षा मागून जगणं मोहक वाटलं होतं. दुसऱ्याचं आयुष्य लांबून नेहमीच स्वच्छ दिसतं. इटेनला जाऊन चॅम्पियनांच्या कष्टांचं वेड घेऊन येणं आणि ते आपल्या आयटीच्या नोकरीवर, गुडघ्यांवर, घरच्यांवर लादणं, हाही परधर्मच.

दुसरी एक गोष्ट याहून नाजूक आहे. आपण गीता वाचणारी माणसं. आपल्या तोंडात पटकन येतं, "अरे, फळाची चिंता करू नकोस, तू फक्त पळ." त्या पोराला हे सांगायचा अधिकार आपल्याला आहे का? ज्याचं ताट भरलेलं आहे त्याने उपाशी माणसाला वैराग्य शिकवू नये. त्याची फळाची इच्छा ही हाव नाही, ती घराची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडणं हाच त्याचा स्वधर्म. निष्काम कर्म हा उपदेश आधी स्वतःला करायचा असतो. विशेषतः जिथे तो आपल्याला परवडतो तिथे. आणि छंदाइतकं तो कुठे परवडतो?

मग आपलं पळणं चैन म्हणून सोडून द्यायचं का? मुळीच नाही. कीर्तनात बुवा एक असतात आणि टाळकरी वीस. मागच्या रांगेतल्या टाळकऱ्याचा आवाज जेमतेम असतो, कधी ठेकाही चुकतो. त्याला मानधन नाही, त्याची क्लिप कुणी फॉरवर्ड करत नाही. पण तो बुवा व्हायला तिथे आलेला नसतो. तो आनंदाने उभा असतो, आणि त्याच्यासारखे नसले तर कीर्तन उभं राहत नाही. श्लोकात स्वधर्माला जे विशेषण आहे, विगुण, म्हणजे उणीव असलेला, ते या टाळकऱ्याला अगदी शोभतं. हौशी माणसाचा धर्म उणाच असणार. त्याची लाज नको. ज्याला काही कमवायचं नाही, त्याला नुसतं कृतज्ञतेने पळता येतं. ही मोकळीक त्या पोराला आज नाही. आपल्याला आहे, आणि ती आपण कमावलेली नाही. बरीचशी मिळालेली आहे. आईवडिलांकडून, शाळेकडून, नशिबाकडून. मिळालेलं म्हटलं की तो प्रसाद झाला, आणि प्रसाद खाऊन कुणी फुशारकी मारत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. श्रीगजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला पायी जाते, शेकडो किलोमीटर. परतीच्या वाटेवर शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव, सोळा-सतरा किलोमीटरचा, आणि तेव्हा लाखो माणसं सोबत चालतात. हाफ मॅरेथॉनपेक्षा थोडंच कमी अंतर. म्हाताऱ्या आज्या, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, अनवाणी पोरं. कोण किती वाजता पोचलं हे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "पाणी घेतलं का माउली?" आणि संस्थानातले सेवेकरी, आपापली शेती-नोकरी सांभाळून पाळीने येणारे, झाडू मारतात, चपला सांभाळतात, पंगतीत वाढतात. तिकडे केनियात, २०१९मध्ये व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पार करणारा एलिउड किपचोगेही आपल्या कॅम्पमध्ये पाळीने झाडलोट करतो, संडास धुतो. मोठ्यांच्या गावी जाऊन आणायचंच असेल तर त्यांचा पेस आणू नका. तो येणारही नाही. हे मात्र आणता येतं.

म्हणून जा. इटेनला जा, उटीला जा, बुलडाण्याला तर नक्की या. पण दर्शनाला गेल्यासारखं जा. मैदानावर आतली लेन भरतीच्या पोरांसाठी सोडा, त्यांची सकाळ आपल्या सकाळीपेक्षा महाग आहे. त्यांच्या झिजलेल्या बुटांचा फोटो "प्रेरणा" म्हणून टाकू नका, त्यांची ओढाताण हा आपल्या फीडचा मसाला नाही. जमलं तर एखाद्याला बूट घेऊन द्या, किंवा लेखी परीक्षेचं गणित शिकवा, आणि ते कुठेही पोस्ट करू नका.

यातून त्या पोराचा प्रश्न सुटतो का? नाही. जागा थोड्या, पळणारे हजारो. त्यातले बरेच अर्ध्या सेकंदाने घरी परततील, आणि आपल्या चिंतनाने त्यांची पाटी भरणार नाही. "तुम्ही काऊन पळता" याला माझं आजचं उत्तर एवढंच आहे : कारण मला पळू दिलंय. ते विसरलो की मी घड्याळाचा चाकर, आणि लक्षात ठेवलं तर पळणं म्हणजे नामस्मरण.

आजचा संकल्प : या आठवड्यात एक दिवस घड्याळ घरी ठेवून पळायचं किंवा चालायचं. वाटेत जो कुणी पोटासाठी पळताना, ओझं वाहताना, डिलिव्हरी करताना दिसेल, त्याला आधी वाट द्यायची. आणि मनातल्या मनात नमस्कार करायचा.

जय गजानन.