नांदत्या घरातली दुरुस्ती

दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा कायदा 1969 साली आला. भाडी 1940च्या पातळीवर गोठलेली, मालकांनी डागडुजी सोडून दिलेली आणि दर पावसाळ्यात कुठे ना कुठे इमारत कोसळत असलेली, अशी तेव्हाची स्थिती होती. उपकर बसवून दुरुस्तीचे काम सरकारी मंडळाने हाती घेतले आणि पुढे हे मंडळ म्हाडात आले. पैसा कोणी द्यायचा, मालकाचे काय, पुनर्विकास कधी, यांवर गेली पन्नास वर्षे वाद झाले. माणसे आत राहत असताना कंत्राटदाराने काम कसे करायचे, हा प्रश्न मात्र त्या वादात कधी फारसा आला नाही.

रहिवासी खोल्या सोडत नाहीत, ही अभियंत्यांची तक्रार खरी आहे. पण त्यामागची भीतीही तेवढीच खरी आहे. संक्रमण शिबिरात गेलेल्या कित्येक कुटुंबांची पुढची पिढी तिथेच वाढली, तिथेच संसाराला लागली. हे पाहिलेला माणूस टेकू लावलेल्या छताखाली झोपणे पत्करतो, पण खोलीची किल्ली देत नाही. म्हणजे कंत्राटदाराच्या हाती येते ते नांदते घर, आणि करार त्याच जाणिवेने व्हायला हवा.

तसा तो होत नाही. निविदेत तुळया, गर्डर, स्लॅब, गिलावा, सगळ्याला माप आणि दर असतो. मजल्याच्या टोकाचे सामायिक संडास पाडून नवे बांधायचे, तर तोवर तिथल्या बिऱ्हाडांनी जायचे कुठे, याला दर नसतो. पहाटे पाणी येते त्या वेळी नळजोडणी तुटलेली असेल, तर दिवसभराच्या पाण्याची सोय कोणी करायची, याचाही नाही. हा खर्च प्रामाणिकपणे धरणाऱ्या कंत्राटदाराचा आकडा फुगतो आणि काम दुसऱ्याला जाते. बेपर्वाईला बक्षीस देणारी ही पद्धत आहे, आणि ती सरकारी कागदावर चालते.

गैरसोय तरी सोसता येते. जिवाचे तसे नाही. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धिसाई इमारत कोसळून 17 जण मेले. ती दुरुस्ती मंडळाकडची इमारत नव्हती, पण तळमजल्यावर अंतर्गत बदलांचे काम चालू होते आणि वर माणसे राहत होती. राहत्या इमारतीत हातोडा चालवण्याचा अर्थ तिथे कळला.

जुन्या चाळीत धोका आणखी लपलेला असतो. लाकडी तुळईचे टोक भिंतीत गेलेले असते आणि ओल लागून ते आतल्या आत कुजते. खोलीतून तुळई धडधाकट दिसते, खरे कळते ते गिलावा फोडल्यावर. त्या क्षणी काम थांबवणे, अभियंत्याला बोलावणे, त्या खोल्या रिकाम्या करून घेणे आणि टेकू सलग जमिनीपर्यंत नेणे ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे. नुसत्या खालच्या मजल्यावर उभा केलेला टेकू सगळा भार तिथल्या तितक्याच जुन्या लाकडावर टाकतो. राबिट गॅलरीत साठवले, तर वजन वाढते आणि पळायची वाटही अडते. गर्डरला वेल्डिंग चालू असताना शेजारच्या खोलीत गॅस सिलिंडर असतो, पाळण्यात मूल असते. यातले काहीच मुकादमाच्या मर्जीवर सोडण्यासारखे नाही.

रहिवाशांवरही बंधन हवे. ठरल्या दिवशी खोली मोकळी करून न देणारे किंवा संधी साधून परस्पर पोटमाळा वाढवून घेणारे शेजाऱ्यांचा जीव धोक्यात घालतात. मात्र किती दिवसांसाठी, कुठे आणि परत कधी, हे लेखी मिळाल्याशिवाय त्यांच्याकडून सहकार्य मागण्याचा अधिकार कोणालाच नाही.

ही सगळी काळजी घेतली तर खर्च वाढेल, असे सांगितले जाईल. वाढेलच. आज तोच खर्च रहिवासी आपल्या प्रकृतीने आणि बुडालेल्या रोजाने भरतात, एवढाच फरक आहे. म्हणून पाणी, संडास, धुळीचे पडदे, रोजची राबिट-उचल आणि तात्पुरती राहण्याची सोय यांची रक्कम मंडळानेच ठरवून निविदेत घालावी आणि तिच्यावर बोली लावू देऊ नये. शेवटचे बिल काम झालेल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्याशिवाय निघू नये. हे मंडळाला पुढच्या निविदेपासून करता येईल, आणि त्याने ते करावे.