‘प्रबंधानंतर’

परभणीकडचा एक मुलगा पुण्यात इतिहासात पीएच.डी. करायला आला. विषय मिळाला तोही पुण्याचाच: 1750च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शहरात आणलेलं पाणी. फेलोशिप लागू झाली होती, विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळाली होती. अशा मुलाने खुशीत असावं. याने पहिल्याच आठवड्यात एक दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यावर लिहिलं, ‘प्रबंधानंतर’.

जे जे करावंसं वाटे ते तो त्या वहीत टिपून ठेवी आणि पुन्हा जयकर ग्रंथालयात जाऊन बसे. वेताळ टेकडीवरून पहाट बघणे. फिल्म संग्रहालयात एखादा जुना सिनेमा. सवाई गंधर्व. केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते. अप्पा बळवंत चौकात काही विकत न घेता हिंडणे. हे शेवटचं तर फुकटच होतं, पण तेही त्याने पुढे ढकललं.

त्याला हसू नये. गावाकडे बाप कापसात वाकलेला असताना आपण टेकडीवर वारा खायचा, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. घरातलं पहिलंच पोर विद्यापीठात पोचतं तेव्हा मोकळी संध्याकाळसुद्धा दुसऱ्याच्या पैशाची वाटते.

खोलीतला जोडीदार चंदगडचा. वनस्पतिशास्त्राचा, टेकडीवरच्या गवतांवर काम करणारा. तो संध्याकाळी चप्पल अडकवून दारात उभा राहायचा.

“चल की लगा, जरा वर जाऊन येऊ.”

“नको. चौथं प्रकरण अडकलंय.”

“गेल्या महिन्यात तिसरं अडकलेलं.”

डिसेंबरात चंदगडकर सवाईला गेला. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला तो महोत्सव. त्याने भारतीय बैठकीचं सर्वांत स्वस्त तिकीट काढलं, मांडवात मध्येच तासभर झोपला, उठून भजी खाल्ली आणि मध्यरात्रीनंतर गुणगुणत परत आला. कोणता राग झाला ते त्याला सांगता आलं नाही. परभणीकराने वही उघडली. सवाईची नोंद आधीच होती. त्याने तिच्याखाली रेघ ओढली.

जानेवारीत तो चौथं प्रकरण घेऊन मॅडमकडे गेला. मॅडमनी पानं चाळली आणि एका ठिकाणी थांबल्या.

“हे उच्छ्वास. नळाच्या वाटेवर मधूनमधून बांधलेले. इतकं पाणी कात्रजहून जपून आणायचं आणि वाटेत नळाला तोंडं ठेवायची. कशाला?”

“मॅडम, आत कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडते. माणसाला उतरून गाळ काढता येतो. नाहीतर नळ तुंबला असता.”

“म्हणजे पाणी शेवटच्या हौदापर्यंत पोचावं म्हणूनच ती तोंडं.”

“हो.”

“आणि तुमची?”

त्याला प्रश्न कळला नाही. मॅडमनी उकलून सांगितला नाही. त्या गाईड होत्या, कीर्तनकार नव्हत्या. “काळा हौद, बदामी हौद यांची नावं वीसदा आलीत,” एवढंच म्हणाल्या. “तुम्ही पेठांत शेवटचे कधी गेला होतात?”

गेलाच नव्हता.

रविवारी तो निघाला. प्रश्नावली छापून घेतली, रेकॉर्डर घेतला. चंदगडकर आपणहून सोबत आला, त्याला पेठेतली मिसळ खायची होती. एका जुन्या वाड्याच्या ओट्यावर एक आजी भाजी निवडत बसल्या होत्या. परभणीकराने नमस्कार केला आणि थेट पहिला प्रश्न वाचला.

“आधी चहा घ्या,” आजी म्हणाल्या.

त्याने घड्याळात पाहिलं.

“घाई असेल तर पुस्तकात वाचा हो. तिथे सगळं लिहिलेलं असतं.” आजींनी पुन्हा भाजीत डोकं घातलं.

मुलाखत संपली असती. पण चंदगडकर ओट्यावर टेकला होता. त्याने मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली आणि निवडता निवडता सहज विचारलं, “आजी, चंदगडला आमी ह्यात काजू घालतो, तुमी काय घालता?” मग चहा आला. दुसऱ्यांदा आला. सासूबाई हौदाचं पाणी धुण्याला कसं ठेवत, नळाचं प्यायला वेगळं कसं भरत, हौदावर कोणाचं कोणाशी भांडण होई आणि कोणाचं लग्न जमलं, हे सगळं ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत चाललं. प्रश्नावलीतला एकही प्रश्न विचारला गेला नाही. रेकॉर्डर खिशातच राहिला.

इथे कथा संपवली असती तर सोयीचं झालं असतं: हिंडा म्हणजे प्रबंधाला माल मिळेल. परभणीकरानेही नेमका तोच अर्थ घेतला. त्याने ‘प्रबंधानंतर’ वही काढली, मुखपृष्ठावरचं ‘नंतर’ खोडलं आणि मौजेचं वेळापत्रक आखलं. मंगळवारी टेकडी, सहा ते सात. शनिवारी संग्रहालय, दोन तास. टेकडीवर तो भराभर चढे, माथ्यावर फोटो काढी, नोंदीपुढे बरोबरची खूण करी आणि उतरे.

“भावा,” चंदगडकर एकदा गवतात गुडघे टेकून बसल्या बसल्या म्हणाला, “टेकडीची हजेरी घ्यायला आलायस काय?”

परभणीकर चिडला. दोन दिवस बोलला नाही. दोष पूर्ण त्याचा नव्हता. शाळेपासून गुणांवर वाढलेल्या मुलाला बिनगुणांची गोष्ट करायची कशी, हे कोणी शिकवलेलं नसतं. पुण्यातल्या अभ्यासिकांतून अशी हजारो मुलं बसलेली आहेत.

मे महिन्यात कधीतरी ते वेळापत्रक आपोआप सुटलं. टिळक रस्त्यावर झेरॉक्स काढायला गेला, दुकान बंद होतं, ऊन उतरलं होतं. समोर टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला चालू होती. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली ही व्याख्यानमाला आजही दर उन्हाळ्यात भरते. तो मागच्या रांगेत जाऊन बसला. विषय होता आरोग्य विम्याचा. त्याला त्यात काडीचाही रस नव्हता. पण शेजारचे आजोबा वक्त्याच्या प्रत्येक वाक्यावर दबक्या आवाजात हरकत घेत होते आणि तो हसू दाबत शेवटपर्यंत बसला. परतताना वहीची आठवण झाली नाही. पुढच्या रविवारी टेकडीवर चंदगडकराने त्याला दोन गवतांतला फरक दाखवला. दहाव्या मिनिटाला तो विसरला आणि तसं सांगूनही टाकलं.

प्रकरण मात्र अजून पूर्ण नव्हतं. हिंडल्याने ते आपोआप लिहून होत नाही. त्यासाठी जयकरमध्ये बसावंच लागतं, आणि तो बसत होता.

ऑगस्टात मॅडमनी विचारलं, “आज संध्याकाळी आणताय ना चौथं?”

“मॅडम, उद्या सकाळी दहाला देतो. थोडं राहिलंय. आज भरत नाट्यला पुरुषोत्तम करंडक आहे.”

“कोणाची एकांकिका?”

“माहीत नाही. तिकिटं रूममेटने काढलीत.”

मॅडमनी चष्मा काढला. “मी कॉलेजात असताना दोन वर्षं प्रकाशयोजनेला होते. पडदा उघडायच्या आधी पोचा. त्या आरोळ्या चुकवायच्या नसतात.”

“हो, मॅडम. आणि दहाला येतोच.”

“अकराला या. दहाला तुम्ही झोपलेले असाल.”