सांडणीस्वाराची सनद

तिकिटांच्या संग्रहाला केवळ विरंगुळा समजण्याची जी रूढी आपल्याकडे पडली आहे, तिच्यामुळे टपालाचे तिकीट हा मूलतः सरकारी दस्तऐवज असतो आणि त्यात राज्यकर्त्याच्या सामर्थ्याइतकीच त्याची आकांक्षाही उमटलेली असते, याचा विसर पडतो. १ मार्च १८९८ रोजी सुदानात निघालेले सांडणीस्वाराचे तिकीट या दृष्टीने मननीय आहे. आदल्या वर्षी ईजिप्तच्या तिकिटांवर ‘सुदान’ अशी अक्षरे छापून काम भागविले होते. पुढे सुदानवरील ब्रिटिश-ईजिप्शियन स्वारीचे सेनापती किचनेर यांच्या सांगण्यावरून एडवर्ड स्टँटन या लष्करी अंमलदाराने नवे चित्र रेखाटले आणि लंडनच्या दे ला रू यांच्या छापखान्यात ते छापले गेले. त्या चित्रात वाळवंटातून दौडणाऱ्या उंटावरील थैल्यांवर बर्बर आणि खार्टुम ही नावे आहेत. पैकी बर्बर या फौजेच्या हाती आले होते. खार्टुमच्या मुलखावर मात्र अद्याप महदी या सुदानी धर्मनेत्याच्या वारसाचा अंमल होता आणि त्या अंमलाचा निकाल सप्टेंबरात ओम्दुर्मानच्या रणांगणावर लागावयाचा होता. शहर सर होण्यापूर्वीच त्याच्या नावाची थैली रवाना झाली होती.

परंतु सत्तेला आकांक्षेइतकीच रयतेच्या संमतीचीही गरज असते. या तिकिटावर ना ब्रिटनच्या राणीची मुद्रा होती, ना ईजिप्तचा शासक असलेल्या खेदिवाची. नव्या अंमलाने आपली ओळख त्या भूमीच्याच प्राण्याकडून उसनी घेतली होती. कागदातील फुलासारखे जलचिन्ह मुसलमान प्रजेला क्रुसासारखे भासले, तेव्हा १९०२ पासून त्याच्या जागी चंद्रकोर आणि तारा आले. ज्या शासनाने तोफांच्या बळावर देश घेतला, त्याला कागदाच्या पोटातील एका अस्फुट आकृतीपुढे माघार घ्यावी लागली.

याच्या शेजारी नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापलेले, हिंदुस्थानचे १९३७ सालचे साडेतीन आण्यांचे तिकीट ठेवावे. तेथेही डाकेचा उंट आहे, पण त्याच्या बाजूला सहाव्या जॉर्जचे मस्तक आहे. उंट तोच, वाहतूक तीच; पण एकीकडे सत्ता प्राण्याआड उभी आहे, तर दुसरीकडे ती स्वतःच्या मुखाने बोलते.

असा ताळा मांडता येणे हेच संग्रहाचे खरे फल होय. दुर्मीळतेने तिकिटाचे मोल वाढते, हे खरे; परंतु त्याचा अर्थ उलगडण्यासाठी चित्र, कागद आणि तारीख या तिन्हींची साक्ष एकत्र काढावी लागते. ती काढणारा संग्राहक इतिहासकाराच्याच पंक्तीला बसतो, आणि त्याच्या छंदाला विद्येचा मान देणे हे आपले कर्तव्य आहे.