भाड्याची खोली आणि आडनाव

पुण्यात एम.ए., एम.एस्सी. करायला आलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, की तो औंध, खडकी, शिवाजीनगर किंवा पेठांमध्ये खोली शोधू लागतो. कुणी कॉट बेसिसवर राहतो, कुणी तिघा-चौघांत मिळून फ्लॅट घेतो. भाडे, डिपॉझिट, दलाली, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, त्याची नोंदणी, पोलीस पडताळणी हे सगळे पुढचे. अनेकदा व्यवहार त्याआधीच दोन प्रश्नांवर अडतो: आडनाव काय, आणि नॉनव्हेज खाता का? आडनाव दलित किंवा मुस्लिम वाटले, की खोली ‘कालच गेली’ असे उत्तर येते. घर ज्याचे त्याला, नको त्या माणसाला नाकारण्याचा अधिकार कुठपर्यंत पोचतो, हा यातला नैतिक प्रश्न आहे.

परंपरेत या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तैत्तिरीय उपनिषदातले अतिथीला देव मानण्याचे वचन सर्वांना पाठ असते. त्याच उपनिषदाच्या भृगुवल्लीत त्याहून नेमकी आज्ञा आहे: निवाऱ्याला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, हे व्रत समजावे, आणि त्यासाठी घरात भरपूर अन्न मिळवून ठेवावे. आलेल्याच्या कुळाची अट तिथे घातलेली नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात मात्र आतिथ्य वर्णाप्रमाणे वाटले जाते. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय हा अतिथी ठरत नाही, आणि वैश्य-शूद्रांना नोकरांबरोबर जेवू घालायचे असते. व्यवहारात समाजाने व्रत पाठ केले आणि वाटणी पाळली, असेच म्हणावे लागते.

त्या वाटणीचा सर्वांत बोलका दाखला १९१७ सालच्या बडोद्याचा आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. बिंग फुटल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून काढले. हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही परिचितांनी आसरा देण्याचे टाळले आणि ते मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे सांगितले आहे. भाडे भरण्याची ऐपत, शिक्षण, सभ्य वर्तन यांपैकी कशातही उणे नव्हते. नकार होता तो फक्त जन्माला. शिवाय तो देणारे एका धर्माचे नव्हते, हे त्यातले विशेष.

शिकणाऱ्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न महाराष्ट्राने वसतिगृहांतून सोडवू पाहिला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहांना चालना दिली. त्यामुळे खेड्यातला मुलगा शहरात टिकला, आणि ही गोष्ट लहान नाही. मात्र कोण कोणाशेजारी राहणार, हा प्रश्न त्या व्यवस्थेने बाजूला ठेवला. तो हाती घेतला भाऊराव पाटलांनी. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका छताखाली राहिली आणि एकत्र जेवली. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, तेव्हा तीर्थाला आलेल्यांचे छत विद्यार्थ्यांना मिळाले. भृगुवल्लीतले व्रत त्यात खरोखर पाळले गेले.

खासगी घराला मात्र हा आदर्श सहज लागू होत नाही. संविधानाच्या १५(२) कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या घराचा थेट नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडथळा आणणे गुन्हा ठरवले. परंतु धर्मावरून किंवा ‘बॅचलर’ म्हणून दिलेला नकार त्यात बसत नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध मानला. अमेरिकेच्या १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने भेदभावाला बंदी केली, पण मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या इमारतीला बरीच सूट दिली.

त्या सवलतीतला विचार इथेही उपयोगी आहे. मालकीण ज्या स्वयंपाकघरात रांधते, त्याच घरात पेइंग गेस्ट ठेवताना तिची आवड-निवड, तिचे सोवळेही, विचारात घ्यावे लागेल. ते तिचे राहते जग आहे. मालक बाणेरला आणि फ्लॅट खडकीत असेल, तर ते घर त्याचे उत्पन्नाचे साधन आहे. तिथे पवित्रतेचा हवाला देणे म्हणजे दुकानदाराने देव्हाऱ्याचे नियम गल्ल्यावर लावणे. भाडे वेळेवर द्या, रात्री गोंगाट करू नका, भिंती खराब करू नका, या अटी वर्तनाच्या आहेत आणि त्या पाळणे विद्यार्थ्याच्या हातात असते. जन्म त्याच्या हातात नसतो.

आहाराची अट या दोहोंच्या मधोमध उभी असते आणि म्हणूनच ती सोयीची ठरते. दिसायला ती वर्तनाची आहे. कोणीही मांस शिजवू नये, इतकेच ती म्हणते. तिचा खरेपणा तपासणे अवघड नाही. मांसाहार करणाऱ्या सवर्ण विद्यार्थ्याला ‘घरात करू नका’ एवढे सांगून खोली मिळते आणि शाकाहारी मुस्लिम विद्यार्थिनीला ती मिळत नाही, तर अट अन्नाची नव्हतीच. मालक राहत नसलेल्या घराबाबत स्वयंपाकघराचा नियम सर्वांना सारखा सांगावा आणि तो मान्य करणाऱ्याला जागा द्यावी. करारासाठी आणि पोलीस पडताळणीसाठी पूर्ण नाव लागतेच. पण नाव भाडे ठरल्यावर विचारावे.