रिकामे आहे, तरीही

खंडेनवमीला शस्त्रे घासूनपुसून पुजण्याची आपली रीत जुनीच. आमच्या सीमाभागात घर मराठी असो की कानडी, त्या दिवशी कोयत्यापासून मोटारसायकलीपर्यंत साऱ्यांना झेंडूचे फूल मिळते. अलीकडे एखाद्या घरी त्या रांगेत एअर पिस्तूलही दिसते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवले. ते वारे आमच्याकडेही आले.

या खेळात पहिला धडा नेमाचा नसतो. पिस्तूल हाती आले की ते भरलेलेच आहे असे धरायचे, नळी लक्ष्याकडेच, बोट चापाच्या बाहेर, आणि उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ह्याने आत्ता माझ्यासमोर ते रिकामे केले. मग मी भरलेले कसे मानू? हे स्वतःशी खोटे बोलणे नव्हे का?"

प्रश्न साधा नाही. मित्राचा शब्द पुन्हा तपासणे म्हणजे अविश्वास, असे आपले संस्कार सांगतात. परंतु बाजारात ओळखीचा दुकानदारच सुटे पैसे हातावर ठेवून म्हणतो, "मोजून घ्या." त्यात कुणाला अपमान वाटत नाही. पिस्तूल देणाऱ्यानेही ते उघडून दाखवावे आणि घेणाऱ्याने पुन्हा पाहावे, हा त्याच जातीचा व्यवहार आहे. (आमच्याकडे कानडी मुलगा "खाली ऐति" म्हणाला की त्याचा अर्थ 'रिकामे आहे', मराठी मुलाला मात्र नळी खाली आहे असे वाटते. शब्दावर विसंबू नये याला आणखी कोणते कारण हवे!)

क्लिफर्ड या इंग्रज विचारवंताने १८७७ साली एका जहाजमालकाचा दाखला दिला होता. जहाज जुने, शंका येण्याजोगे. पण मालकाने मनाची समजूत घालून ते सुखरूप पोहोचेल असा विश्वास बाळगला, अगदी प्रामाणिकपणे. क्लिफर्डच्या मते जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालक दोषीच, कारण तसा विश्वास ठेवण्याचा हक्कच त्याने कमावला नव्हता. सर्वच श्रद्धांना ही कसोटी लावणे मला पटत नाही. विल्यम जेम्सलाही ते पटले नव्हते. मात्र ज्या विश्वासाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागेल, तिथे क्लिफर्डच बरोबर.

येथे बिघाड आणि हयगय यांतला फरक मानायला हवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरचे पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडले, मोलाचा वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. यंत्रच ते, कधीतरी दगा देणार. हयगय वेगळी. एअर पिस्तुलाच्या टाकीत सुमारे २०० बार दाबाची हवा असते, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या जवळजवळ शंभरपट. टाकीवर तारीख कोरलेली असते. मुदत संपली तरी टाकी चकचकीतच दिसते, नेमही पूर्वीसारखाच लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती वेळेवर बदलण्याची जबाबदारी खुद्द नेमबाजाची. पंचांची नव्हे, दुकानदाराचीही नव्हे.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हटले, "भरलेले आहे असे मानू नकोस बाबा, पाहिले नाही एवढेच मान. त्यात खोटे काहीच नाही." त्याचे पूर्ण समाधान झाले नसावे. मित्राच्या हातातून पिस्तूल घेतले, उघडले, आणि आत पाहता पाहता म्हणाला, "पण सर, मग किती वेळा पाहायचे?"