थांब गं जरा

आमच्या दिंडीत एक आजी आहेत. वारीला पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकीला त्या जवळ बसवून घेतात आणि सांगतात, "बाई, चपलेत खडा गेला की लगेच काढायचा. पुढच्या विसाव्याला काढू म्हणायचं नाही." पाणी पीत राहा, डोक्यावर पदर घे, हे सगळं त्यानंतर. आळंदी ते पंढरपूर वाट सुमारे २५० किलोमीटरची. एवढ्या वाटेवर बाजरीच्या दाण्याएवढ्या खड्याचं ते काय, असं नव्या माणसाला वाटतं. पण खडा टोचला की पाऊल आपसूक तिरकं पडायला लागतं. आपल्या ध्यानातही येत नाही. तिरक्या पावलाचा भार घोट्यावर येतो, तिथून गुडघ्यावर. संध्याकाळी तळावर पाठ टेकली की माणूस म्हणतो, आज कंबर का धरली कोण जाणे. त्यात पावसाचे दिवस. पाय दिवसभर ओले. ओली कातडी मऊ पडते आणि जरा घासली की फोड धरते. फोड आला की पुढचे चार मुक्काम त्याच्याच तालावर चालावे लागतात. आजींना हे पुस्तकात वाचायला लागलेलं नाही. त्यांच्या पायांनी ते शिकून घेतलंय.

एकट्यानं चालणाऱ्याला हे सोपं असतं. वाटलं की रस्त्याच्या कडेला बसावं, चप्पल झटकावी, उठावं. जोडीनं चालताना मात्र मन आडवं येतं. मी आणि माझी मैत्रीण वारीत बरोबर असतो. तिची चाल झपाझप, माझी संथ. पुणं सोडून सासवडला जायचा टप्पा सगळ्यांत मोठा, तीसेक किलोमीटरचा, आणि मध्ये दिवे घाट. त्या चढाला माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. माणसांना कोण जुंपणार? ती एकमेकांच्या नादानं चढतात. अशा चढावर, इतक्या गर्दीत, मध्येच थांबायचं म्हणजे कडेला सरायचं, दिंडी पुढे जाऊ द्यायची, मग पळत जाऊन ती गाठायची. मनात येतं, आपल्या एवढ्याशा खड्यासाठी तिला कशाला थांबवायचं? राहू दे, चालतंय. आणि गंमत म्हणजे तिच्या चपलेत काही गेलं तर तीही हेच म्हणते. दोघी एकमेकींच्या काळजीपोटी गप्प. दोघींचे पाय दुखतात. मला वाटतं, घराघरांतलं पुष्कळसं दुखणं याच जातीचं असतं. त्यात कुणी वाईट नसतं. सगळे एकमेकांना जपत असतात, आणि जपता जपता एक खडा तसाच आत राहून जातो.

घाटाच्या एका वळणावर ती म्हणाली, "थांब गं जरा." एवढंच. एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, एका पायावर उभी राहिली, दुसऱ्या पायातली चप्पल काढून उलटी केली आणि दोनदा झटकली. काहीतरी बारीक खाली पडलं. कुठे पडलं तेही दिसलं नाही. मग तिनं अंगठ्यानं तळवा चाचपून पाहिला, पदरानं पुसला, चप्पल घातली. तेवढ्या वेळात माझ्या खांद्यावर तिचा भार होता आणि तिची पिशवी माझ्या हातात. पाठीमागून आलेल्या एका दिंडीतल्या माउलींनी विचारलं, "काय लागलं का, माउली?" ती म्हणाली, "नाही, निघालं." आणि आम्ही चालायला लागलो. फार तर मिनिट गेलं असेल. त्या मिनिटानं मला मोकळं केलं. आता मलाही थांब म्हणता येणार होतं. जोडीतल्या एकीनं आधी सांगितलं की दुसरीचा संकोच निम्म्यानं उतरतो. म्हणून मला वाटतं, आपलं दुखणं वेळेवर सांगणं हीदेखील सोबत्याची सेवाच आहे. आपण सांगतो तेव्हा त्यालाही सांगायची परवानगी मिळते.

पालखी सोहळ्यात याची एक फार सुंदर रीत आहे. संध्याकाळी पालखी तळावर येते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरतात आणि टाळ थांबतात. दिवसभर चाललेली लाखभर माणसं एका इशाऱ्यावर गप्प होतात. ज्यानं हे पाहिलंय त्याला ती शांतता विसरता येत नाही. पण एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असलं, तर त्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. चोप वर असला तरी ते वाजत राहतात. ही सांगायची पद्धत. पाण्याचा टँकर आला नसेल, तंबूच्या जागेवरून काही झालं असेल, चालताना क्रम मोडला असेल. चोपदार त्या टाळांच्या आवाजाकडे जातात, काय झालं विचारतात, ऐकून घेतात, तोडगा काढतात. मग ते टाळ थांबतात. त्यानंतर कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. उद्या निघायची वेळ सांगतात. आणि मग समाजआरती होते. म्हणजे बघा, इतक्या लोकांनी दिवसभर ज्या आरतीची वाट पाहिली, ती एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी खोळंबते. कुणी म्हणत नाही, आधी देवाचं उरकू, तुमचं मग बघू. देवासमोर उभं राहायच्या आधी मनातलं बाहेर पडलं पाहिजे, असाच या रीतीचा अर्थ मी घेते.

या सोहळ्याची घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी. साताऱ्याकडच्या आरफळ गावचे ते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं. रथाच्या पुढे २७ दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची जागा ठरलेली. फौजेतल्या माणसाची नजर त्यात दिसते. पण मला या शिस्तीतलं सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं ते तिचं गृहीतक. एवढी माणसं ऊनपावसात अडीच-तीन आठवडे एकत्र चालणार, एकत्र जेवणार, शेजारी शेजारी पथाऱ्या टाकणार, म्हणजे कुरबुरी होणारच, हे सोहळ्यानं मान्य करून टाकलंय. भक्तांना राग येत नाही असं कुणी सोंग आणत नाही. राग येणार, म्हणून त्याला रोजची वेळ दिलेली आहे. सासवडची तक्रार जेजुरीला न्यायची नाही. वाल्ह्याची लोणंदला न्यायची नाही. आजचं आज. टाळ वाजवा, सांगा, मोकळे व्हा, भाकरी खा, झोपा.

आपल्या घरात अशी वेळ नसते. तिथे आपल्यालाच ती काढावी लागते. आणि सांगण्यासारख्या गोष्टी असतात तरी केवढ्या? रात्री पंखा जोरात असतो म्हणून एकाला झोप लागत नाही. डब्यात तीच भाजी आठवड्यातून तिसऱ्यांदा आली. ऑफिसातला शेजारी फोनवर मोठ्यानं बोलतो. सासूबाईंनी पाहुण्यांसमोर एक वाक्य सहज टाकलं, ते लागलं. यातलं काहीही त्याच दिवशी सांगितलं तर दोन वाक्यांचं असतं. "आई, मघाशी तुम्ही बोललात ते मला जरा लागलं." संपलं. पण तेच वर्षभर आत राहिलं की आपलं पाऊल तिरकं पडायला लागतं. बोलणं कमी होतं, आवाज चढतो, आणि भांडण होतं ते दुधाच्या पातेल्यावरून. मग पातेल्याची समजूत काढून काही उपयोग होत नाही. टाळांची ती रीत मला आणखी एका गोष्टीसाठी आवडते. टाळ कुणावर आरोप करत नाहीत. ते फक्त सांगतात की आमच्याकडे काहीतरी आहे, या आणि ऐका. घरातही सुरुवात एवढीच पुरते. "मला एक सांगायचंय, आत्ता वेळ आहे का?" असं विचारलं की समोरचा माणूस सावरून बसतो. त्याला ढाल उचलावी लागत नाही.

आणि ऐकणाऱ्याचं काम काय? थांबणं. माझ्या मते हे जास्त कठीण आहे. घड्याळाकडे न बघता, सुस्कारा न टाकता, "एवढ्यासाठी?" असं न म्हणता थांबणं. खडा लहान आहे की मोठा, हे ज्याच्या पायात आहे त्यानंच ठरवावं. आपण खांदा द्यावा, हातातली पिशवी घ्यावी. वारीच्या वाटेवर कितीतरी जण नुसतं हेच काम करायला उभे असतात. कुणी तुटलेल्या चपला फुकट शिवून देतात. कुणी अनोळखी माणसाचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळतात. "इतकं का चालला?" असं ते विचारत नाहीत. विचारतात, "कुठे दुखतंय?" सकाळी कामाला निघायच्या घाईत घरातल्या कुणी आपल्याला अडवलं, तर हा प्रश्न तोंडात तयार ठेवायला काही हरकत नाही. उत्तर बहुतेक वेळा दोन मिनिटांचंच असतं. आणि खरंच वेळ नसेल, तर "संध्याकाळी नक्की" म्हणावं आणि संध्याकाळी आपण होऊन विचारावं. विचारायला विसरलो तर मात्र पुढच्या वेळी तो माणूस आपल्याला थांबवायचा नाही.

सांगून सगळं मिटतंच असं नाही. टँकर दुसऱ्या दिवशीही उशिरा येतो. फलटणच्या पुढे बरडच्या वाटेवर माझ्या मैत्रिणीनं मला सांगितलं, "अगं, तुझ्या चालीनं चाललं की माझे गुडघे भरून येतात. सवय नाही ना हळू चालायची." मीही सांगितलं, "आणि तुझ्या चालीनं मला धाप लागते." ना तिची चाल बदलली, ना माझी. बदलणार तरी कशी? पण त्या दिवसापासून आमचं ठरलंय. पहाटे निघताना पहिल्या विसाव्यापर्यंत दोघी बरोबर, माझ्या चालीनं. तेवढं तिच्या गुडघ्यांना चालतं. त्यानंतर ती आपल्या चालीनं पुढे होते, मी आजींच्या सोबतीनं मागून येते. पुढच्या विसाव्याला पोहोचले की ती कुठल्यातरी झाडाखाली दोघींपुरती जागा धरून बसलेली असते. माझ्या वाटणीचा चहा झाकून ठेवलेला असतो. तो बहुतेक वेळा निवलेला असतो. मी बसले की ती माझ्या पायांकडे बघते आणि विचारते, "काही टोचलं का?" मग मी सांगते, आणि तीही सांगते.